राणीछाप प्रूफ घ्यावं की 1969 पासूनचं?

आमच्या बेळगावात चांदीचा पहिला रुपया बहुतेकांच्या हाती लक्ष्मीपूजनाच्या ताटातूनच येतो. त्यामुळे प्रूफकडे, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, आरशासारखी चकचकीत पार्श्वभूमी असलेल्या नाण्यांकडे वळताना मन आधी राणीछापकडे ओढ घेतं. माझंही तसंच झालं. व्हिक्टोरियाच्या झग्यावरची वेलबुट्टी प्रूफमध्ये सुईने कोरल्यासारखी उठते. त्या कामाला तोड नाही, हे मी आजही म्हणेन.

पण त्या प्रूफना एक दुखणं आहे. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींनी जुनंच साल घातलेली तीच नाणी संग्राहकांसाठी नंतरही पाडून दिली, अगदी 1970 च्या आसपासपर्यंत. साल राणीचं आणि नाणं नेहरूंच्या काळातलं, असंही होऊ शकतं. ते खोटं नाही, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मी माझा रुपया ‘मूळ’ म्हणून घेतला. वर्षभराने एका जुन्या संग्राहकांनी तो खिडकीशी नेला, भिंगाखाली तिरका धरला आणि राणीच्या नाकासमोरच्या आरशावर उठलेले बारीक ठिपके दाखवले. नाणी पाडायचा ठसा वापराविना गंजला की त्यातले खड्डे नाण्यावर असे पुळ्यांसारखे उठतात. “नंतरचा असावा,” एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून डबी उघडली की माझी नजर चेहऱ्याआधी त्या ठिपक्यांवर जाते. विकताना काय सांगायचं, हाही प्रश्न आहेच.

1969 पासूनच्या स्मारक नाण्यांत मला तरी हा घोर लागला नाही. गांधी शताब्दीचे दहा रुपये 15 ग्रॅमचे, 80 टक्के चांदीचे. त्यांच्यावर 1969 कुठेच नाही, फक्त 1869-1948. प्रूफवर मुंबईचं ‘बी’ अक्षर असतं. 1972 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली, हे मात्र मान्य करायला हवं. काळवंडण्याचं म्हणाल तर आपल्या पावसात दोन्ही काळवंडतात. सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा, आणि सराफाकडे रिठ्याच्या पाण्यात उजळायला कधीही देऊ नका. आरसा एकदा घासला गेला की गेलाच.

जाणकार नजरेचं कुणी जवळचं असेल आणि खिसा परवडत असेल, तर राणीछाप जरूर घ्या. माझ्या हाताशी मात्र 1973 चे वीस रुपये असतात, 30 ग्रॅमचे, ‘अधिक अन्न उगाओ’ असं लिहिलेले. माझं आजोळ अथणी तालुक्यातलं. 1972 च्या दुष्काळात आईने तिथे खडी फोडली होती. नाणं आणलं त्या दिवशी तिने ते कडेने धरलं, अक्षरं लावून लावून वाचली आणि विचारलं, “हे त्याच सालातलं का रे?”