बोलिव्हियाच्या जंगलात प्यूमांची देखभाल: काही महिने राहून आल्यावर

आधीच सांगून टाकते: सोडवून आणलेल्या प्राण्यांच्या अशा केंद्रात पैसे भरून स्वयंसेवक म्हणून जाऊन तुमच्या हातून कुठलीही प्रजाती वगैरे वाचणार नाही. फार तर एका प्यूमाची दुपार बरी जाईल. एवढ्यावर समाधान असेल तर जरूर जा. मला विचाराल तर मी पुन्हा जाईन, फक्त पावसाळा टाळून.

ठिकाण बोलिव्हियाच्या पूर्वेकडच्या सखल भागात, सांताक्रूझ विभागात. बोलिव्हिया म्हटलं की आपल्याला अँडीज आणि ला पाझ आठवतं, पण देशाचा बराच भाग असा गरम, दमट आणि जंगलाचा आहे. सांताक्रूझहून त्रिनिदादकडे (बेट नव्हे, बोलिव्हियातलंच शहर) जाणाऱ्या बसमध्ये बसायचं आणि ड्रायव्हरला आधी सांगून रस्त्याच्या कडेला उतरायचं. विमानाचं तिकीट थेट सांताक्रूझच्या विरू विरू विमानतळाचं काढा. ला पाझचा विमानतळ चार हजार मीटरच्याही वर आहे, तिथे उतरलात तर पहिले दोन दिवस डोकं धरून बसाल. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

तिथले प्यूमा, ऑसेलॉट आणि जॅग्वार (तिन्ही अमेरिका खंडांतली रानटी मांजरं) जंगलातून पकडून आणलेले नाहीत, माणसांच्या तावडीतून सुटून आलेले आहेत. आईला गोळी घालायची, पिल्लू बाजारात विकायचं, घेणाऱ्याने ते अंगणात साखळीला बांधायचं आणि दात-नखं दिसायला लागली की नकोसं झालं म्हणून सोडून द्यायचं, ही नेहमीची कथा. काही जुनी जनावरं सर्कशीतली. बोलिव्हियाने २००९ साली सर्कशीत प्राणी वापरण्यावरच बंदी घातली, तेव्हा त्यांना कुठेतरी ठेवणं भाग होतं. जॅग्वारवर आणखी एक संकट आहे: २०१४ पासून चीनकडे टपालाने निघालेले त्यांचे सुळे बोलिव्हियात पकडले जाऊ लागले.

‘मग जंगलात सोडून का देत नाहीत?’ हा प्रश्न मला घरच्यांपासून सगळ्यांनी विचारला. प्यूमाचं पिल्लू दीडेक वर्ष आईबरोबर राहून शिकार शिकतं. बाटलीने दूध पिऊन वाढलेल्या पिल्लाला ते येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला माणसाची भीती नसते. असं जनावर सोडलं की भूक लागल्यावर ते थेट गुरांच्या वाड्यावर जाणार आणि गोळी खाणार. शिवाय जंगल रिकामं नसतं, तिथे आधीचे नर आपापला इलाखा राखून असतात. म्हणून ही जनावरं मरेपर्यंत इथेच. प्यूमा कॅनडापासून चिलीच्या दक्षिण टोकापर्यंत सापडतो आणि आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेच्या यादीत तो धोक्यात नसलेल्यांत मोडतो. त्यामुळे एका पाळलेल्या प्यूमाची काळजी घेतल्याने प्रजातीच्या आकड्यात काही फरक पडत नाही. जाहिरातींमध्ये हे कुणी लिहीत नाही, हा माझा पहिला आक्षेप.

आता काम. सकाळ झाडलोट, भांडी आणि मांस तोडण्यात जाते. शाकाहारी असाल तर मनाची तयारी करून या. कोंबडी आणि गुरांचं मांस हाडांसकट कापायचं, वजन करून डब्यात भरायचं, आणि त्यातच औषधाची गोळी बेमालूम खुपसायची. मग गमबूट घालून, डबा पाठीवर टाकून चिखलातून आपल्या प्राण्यापर्यंत चालत जायचं. आपला प्राणी म्हणजे खरंच आपला. पहिल्या दिवशी जो ठरवून देतात तोच शेवटपर्यंत, आणि ही त्या जागेची सगळ्यात चांगली पद्धत.

माझ्या वाट्याला वयस्क प्यूमा मादी आली. जाळीच्या बरंच आधी तिला नावाने हाक मारत जायचं, कारण अचानक कुणी समोर आलेलं तिला खपत नसे. पहिले काही दिवस ती माझ्यावर नुसती फिसकारायची. मी जाळीबाहेर बसून पुस्तक वाचायचे, ती पाठ करून झोपायची, आणि हेच प्रशिक्षण. मग एकदा ती जाळीला अंग घासत आली आणि घुरघुरायला लागली. घुरघुरणाऱ्या मांजरांत प्यूमा सगळ्यात मोठा. जॅग्वारला डरकाळी फोडता येते, हे जमत नाही. जाळीला टेकवलेला माझा हात तिने चाटला तेव्हा कातडीवरून पॉलिश पेपर फिरवल्यासारखं वाटलं, आणि मनगट दोन दिवस लाल होतं.

तिला दोरीने जंगलात फिरवायचं काम दोघांचं. एक पुढे, एक मागे, आपण पिंजऱ्यात शिरण्याआधी दोरीचा हुक दोनदा तपासायचा. ती वाटेल तिथे थांबणार, पानं हुंगणार, ओंडक्यावर तासभर पडून राहणार, आपण डास मारत उभं राहायचं. नियम एकच, पण पक्का: तिच्यासमोर खाली वाकायचं नाही. माझ्या जोडीदाराने बुटात गेलेला काटा काढायला पाय वर घेतला आणि ती क्षणात जमिनीलगत दबली, कान पुढे, मागचे पाय हलवत जागा पक्की करत. त्याने सरळ उभं राहून शांत आवाजात तिचं नाव घेतलं, तशी ती काही घडलंच नाही अशा थाटात पंजा चाटू लागली. ज्यांना मांजर म्हणजे लाड एवढंच माहीत आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

दोरी लावून फिरवणं बरोबर की चूक, यावर तिथेही वाद होतात. बऱ्याच ठिकाणी आता प्राण्याला हातच लावायचा नाही असा नियम आहे. माझं मत असं: जुन्या, माणसाळलेल्या जनावराची सवय म्हातारपणी मोडणं क्रूर आहे, पण नव्या पिल्लाला ती लावूच नये.

खरी तक्रार माणसांच्या येण्याजाण्याची. लोक दोन-चार आठवडे राहतात आणि निघून जातात. जाणाऱ्याने येणाऱ्याला शिकवायचं, त्याने पुढच्याला. यात बारकावे गळत जातात, आणि प्राण्याला दर महिन्याला नव्या माणसाची ओळख करून घ्यावी लागते. कधी कधी सगळा कारभार विशीतल्या मुलांच्या हातात असायचा. मुलं गुणी होती, पण रात्री बेरात्री काही झालं तर निर्णय कुणाचा, हे विचारल्यावर मला दोन वेगळी उत्तरं मिळाली. आपण भरलेल्या पैशांतले जेवणाचे किती आणि जनावरांचे किती, याचा हिशेबही मागितल्याशिवाय मिळाला नाही. मागा. मागितल्यावर दिला, हेही सांगायला हवं.

राहण्याबद्दल थोडक्यात: मेणबत्ती, मच्छरदाणी, खड्ड्याचा संडास, भात-बटाटा-युका (तिथला एक कंद) आणि पुन्हा भात. कपडे वाळत नाहीत. साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस, तेव्हा वाटा कमरेइतक्या पाण्याखाली जातात आणि डास कपड्यातून चावतात. तिथली एक माशी आपली अंडी डासांवर घालते, डास चावला की अळी तुमच्या कातडीत. किळस वाटली तरी जीवघेणं नाही: भोक व्हॅसलिनने बुजवायचं, हवा तुटली की ती वर येते, मग चिमट्याने काढायची.

कोरड्या दिवसांत वेगळीच धास्ती असते. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये शेतकरी आणि गुरांचे मळेवाले जमीन मोकळी करायला आग लावतात, आणि वारा फिरला की ती जंगलात शिरते. जुलै २०१९ मध्ये सरकारने सांताक्रूझ आणि बेनी विभागांत अशा जाळण्याला हुकूम काढून मोकळीक दिली, आणि त्या वर्षी लाखो हेक्टर जळालं. २०२४ साली तर त्याहून जास्त. म्हणून त्या महिन्यांत प्राण्यांचं काम आटोपलं की सगळे कोयते आणि दाताळी घेऊन जाळरेषा काढतात: झाडोरा तोडायचा, पाला मातीपर्यंत ओढायचा. हाताला फोड येतात, फोटो काही चांगले येत नाहीत. पण संवर्धन म्हणावं असं काम मला तिथे दिसलं ते हेच, कारण त्या पट्ट्याच्या आतलं जंगल टिकलं तरच तिथल्या खऱ्या रानटी जॅग्वारना जागा उरणार.

ठिकाण निवडताना आधी पत्र लिहून विचारा: पिल्लं जन्माला घालता का, पर्यटकांना मांडीवर घेऊ देता का, पशुवैद्य कायम असतो का, किमान किती दिवस राहावं लागतं. पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आलं तर तिथेच सोडा. ‘तीन दिवस आलात तरी चालेल’ असं म्हणणाऱ्यांना तुमचे पैसे हवेत, हात नकोत. स्पॅनिश कामापुरती शिकून जा, कारण कायमचे कामगार स्थानिक आहेत आणि प्राण्यांबद्दल सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत असतं.

आणि पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते हँडबॅगेतच ठेवा, बोलिव्हियाहून त्याशिवाय भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात.