टाकीच्या संपला पीव्हीसी पाइप की नरम नळी?

भुसावळच्या भाच्याने माशांच्या चार फुटी काचेच्या टाकीखाली संप बसवलाय, म्हणजे खालची गाळणीची टाकी; वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. मामा, पाइप चिकटवू की नळी लावू, यावर तो अडलाय. तर ऐक, भाच्या.

खर्चात नळी स्वस्त. क्लिपा आणि पाना, एवढ्यात काम होतं. पीव्हीसीला एल्बो (वळणाचा जोड), बॉल व्हॉल्व्ह (पाणी बंद-चालू करायची चावी), युनियन (उघडता येणारा जोड), सोल्व्हंट सिमेंट (पाइप चिकटवायचा गोंद) लागतं. आपल्या जळगावात पाइप-फिटिंग सहज मिळतात, तरी जोडांचा हिशेब वाढतोच.

टिकाऊपणा मात्र नीट बघ. पारदर्शक नळीत उजेड शिरतो, आत शेवाळ धरतं. काही वर्षांत ती कडक होते आणि क्लिपेपाशी गळते. वळणावर मुरगळली तर प्रवाह अडतो. वरून संपात पाणी उतरवणाऱ्या लाइनला मी नळी कधीच लावणार नाही. ती तुंबली तर पाणी फरशीवर येतं. पीव्हीसीत चूक झाली तर जोड कापावाच लागतो, म्हणून आधी सगळं कोरडं जोडून बघ. चिकटवल्यावर २४ तास पाणी सोडू नकोस.

आणि वीज गेली की पाइपातलं आणि वरच्या टाकीतलं थोडं पाणी उलटं संपात येतं, पाइप असो वा नळी. तेवढी जागा संपात रिकामी ठेव.

भाड्याचं घर, छोटी टाकी, वरचेवर बदल: उतरती लाइन सोडून नळी. कायमची मोठी टाकी: पीव्हीसी, फक्त पंपाजवळ वीतभर नळी, म्हणजे थरथर पाइपात उतरत नाही. तुझ्यासाठी हेच.