लाकडी फरशीला पॉलियुरेथेन लावावं की तेल?

दुकानातल्या नमुन्यावरून हे ठरवू नका, कारण नवेपणी दोन्ही फरश्या देखण्याच दिसतात. पाच वर्षांनी ओरखडा उठला की काय करावं लागेल, ते आधी बघा.

पॉलियुरेथेन लाकडावर बसतं आणि वाळून त्याचा कडक, पारदर्शक थर होतो. पाणी सांडलं तरी पुसायला थोडी सवड मिळते. रोज केर काढायचा आणि अधूनमधून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, एवढंच काम. त्याचा खरा शत्रू चपलेतून आलेली बारीक वाळू. माझ्या टेबलाखाली खुर्ची मागेपुढे सरकून चंद्रकोरीसारखा पांढुरका पट्टा उमटला. लाकूड शाबूत होतं, थर खरवडला गेला होता. तेवढ्याच जागी नवा हात मारला, तर त्याची कड उन्हात लख्ख दिसते. म्हणून सगळी खोली हलकी घासून नवा थर द्यावा लागतो, तोही खालचं लाकूड उघडं पडायच्या आत. उशीर झाला तर लाकडापर्यंत तासण्यावाचून इलाज नाही.

तेल, म्हणजे जवसाच्या तेलासारखं वाळणारं तेल, लाकडात मुरतं. फरशी पायाला उबदार लागते, रेषा खुलतात. पॅसेजमधल्या तशाच ओरखड्यावर मी रेषांच्या दिशेने बारीक पॉलिश पेपर फिरवला, चमचाभर तेल चोळलं आणि पंधरा मिनिटांनी वरचं तेल पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती जागा मलाच सापडेना. पण तेल लक्ष मागतं. ओला पेला तसाच राहिला तर गोल डाग पडतो, आणि वर्दळीच्या जागी साधारण वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तेल द्यावं लागतं.

एक गोष्ट जिवावर बेतू शकते. जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेलं हवेतला ऑक्सिजन घेताना तापतात. तेल पुसलेली फडकी चुरगळून डब्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

स्टीम मॉप दोन्हींना नको, वाफ सांध्यांत शिरते. व्हिनेगरही नको, आम्लाने चमक मरते. लॅमिनेटला तर हा प्रश्नच लागू नाही, त्यावर लाकडाचं नुसतं छापील चित्र असतं.

माझं मत विचाराल तर स्वयंपाकघरात पॉलियुरेथेन, पॅसेज आणि बसायच्या खोलीत तेल. वर्षा-दोन वर्षांनी गुडघे टेकून तेल चोळायची तयारी नसेल, तर सगळीकडे पॉलियुरेथेनच घ्या.

फरशी जुनी असेल आणि तिच्यावरचं संरक्षण टिकलंय का ते कळत नसेल, तर कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाका. काही मिनिटांनीही तो टपोराच राहिला तर संरक्षण अजून टिकून आहे. मुरून लाकूड काळवंडलं तर ते संपलंय, आणि नवा हात देईपर्यंत तिथे ओलं फडकं फिरवू नका.