नगराध्यक्ष थेट जनतेतून बरा की नगरसेवकांतून?

नगरपालिकेच्या कुठल्याही गावात हा वाद टपरीवर कायम चालू असतो आणि सरकारंही मागे नाहीत, २०१६ला थेट निवड आणली, २०२०ला काढली, २०२२ला परत आणली.

नगरसेवकांतून निवडायचा म्हणजे निकाल लागला की निम्मे नगरसेवक गायब. फोन स्विच ऑफ, घरचे सांगणार "देवदर्शनाला गेलेत", आणि हे देव बहुतेक गोव्याच्या बाजूलाच असतात. मग मतदानाच्या दिवशी गाड्या थेट पालिकेच्या दारात, गुलाल, डीजे. वर अडीच वर्षांची टर्म, त्यातही नाराजांसाठी सव्वा-सव्वा, म्हणजे एकाने गटारीचा नारळ फोडायचा आणि दुसऱ्याने त्याच गटारीचा परत फोडायचा. पण एक आहे, आपल्या वॉर्डातल्या माणसाच्या मताला किंमत असते, त्यामुळे टँकर जरा वेळेवर येतो.

थेट निवडीत सहल वाचते. खर्च नाही वाचत हां, तो आमदारकीच्या लेव्हलला जातो. खरी गंमत पुढे, नगराध्यक्ष एका पार्टीचा आणि बहुमत दुसऱ्यांचं, मग दिवाबत्तीचं टेंडर सभेत लटकतं आणि आपण मोबाईलचा टॉर्च लावून घरी. विचारलं तर अध्यक्ष म्हणतो सभागृह अडवतंय, नगरसेवक म्हणतो अध्यक्ष ऐकत नाही, मुख्याधिकारी साहेब मीटिंगमध्ये.

तरी मला थेटच बरा वाटतो, निदान शिव्या कुणाला घालायच्या ते नाव सारखं बदलत नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स मात्र दोन्हीकडे तेवढेच.