कव्हरवर फोटो छापतो म्हणाले आणि ६८,२५० रुपये घेऊन गेले

‘आमच्या एडिटोरियल टीमला तुमचं काम फार आवडलं, येत्या वेडिंग स्पेशल अंकासाठी तुमची निवड झाली आहे’ असा मेसेज तुम्हाला आला असेल तर उत्तर देऊ नका. उत्तर दिलं असेल तर पैसे देऊ नका. पैसेही दिले असतील तर हे वाचत बसू नका, आधी सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा.

मी लग्नांचे फोटो काढते, आणि अशाच एका खोट्या मासिकाच्या नादात माझे ६८,२५० रुपये गेले. पहिला हप्ता १७,११०, दुसरा ३३,०४०, तिसरा १६,२५० आणि वर कुरियरचे म्हणून १,८५०. एवढ्यात एक बरी सेकंडहँड लेन्स आली असती. पैशापेक्षा जास्त जे गेलं त्याबद्दल पुढे सांगते.

‘पैसे मागितले तेव्हाच कळायला हवं होतं’ हे वाक्य मी आता इतक्यांकडून ऐकलंय की पुन्हा कुणी म्हणू नये. सुरुवातीला त्यांनी पैशाचं नावही काढलं नव्हतं. ज्या बाईने संपर्क केला ती स्वतःला फीचर्स एडिटर म्हणवत होती, आणि तिने जे मागितलं ते कुठलाही खरा संपादक मागेल तेच होतं. एकाच लग्नाचे शंभरेक फोटो. नुसते नवरा-नवरीचे नकोत, पत्रिका, अंगठ्या, फुलं, टेबलाची मांडणी, नवरीच्या चपलासुद्धा हव्यात. उभ्या फ्रेम जास्त हव्यात, कारण पानावर त्या नीट बसतात. डेकोरेटर, मेकअप आर्टिस्ट, पोशाखाचा डिझायनर या सगळ्यांची नावं हवीत. जोडप्याच्या गोष्टीच्या आठ-दहा ओळी, त्यांची लेखी संमती, आणि अंक निघेपर्यंत हे लग्न दुसरीकडे कुठेही पाठवायचं नाही, इन्स्टावरसुद्धा टाकायचं नाही. ज्यांनी कधी खऱ्या वेडिंग ब्लॉगला काम पाठवलंय त्यांना माहीत आहे, अटी अशाच असतात. चोराला धंद्याची इतकी माहिती असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग ‘सिलेक्शन फ्री आहे, फक्त प्रिंट काँट्रिब्यूशन’ म्हणून इन्व्हॉइस आलं. १४,५०० अधिक १८ टक्के जीएसटी. यावरही लोक हसतात. पण आपल्या धंद्यात पैसे देऊन जागा मिळतेच की! डिरेक्टरीत नाव वर आणायला पैसे, प्रदर्शनात स्टॉलला पैसे, ‘प्रायोजित’ म्हणून छापून येणाऱ्या लेखांना पैसे. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आता एवढंच सांगते: निवड झाली म्हणून कळवल्यावर जो पैसे मागतो त्याने तुमचं काम निवडलेलं नसतं, तुमचं पाकीट निवडलेलं असतं. संपादकाच्या पसंतीने येणाऱ्या फीचरला फी नसते. फी असेल तर ती जाहिरात झाली, मग दरपत्रक मागा, खप किती ते विचारा, आणि ‘जाहिरात’ असा शब्द लेखी घ्या.

पहिले पैसे गेल्यावर आठवड्याच्या आत ‘कव्हर’ची ऑफर आली. आमच्याकडे ठरलेल्या फोटोग्राफरने माघार घेतली, संपादक मंडळाने एकमताने तुमची फ्रेम सुचवली आहे, आज संध्याकाळपर्यंत कळवा. २८,००० अधिक जीएसटी, म्हणजे ३३,०४०. सीझन तोंडावर होता, गेल्या सीझनला एन्क्वायऱ्या निम्म्यावर आल्या होत्या, आणि मासिकाच्या कव्हरवर माझं काम आहे हे पुढच्या क्लायंटला दाखवता येणार होतं. मी पैसे पाठवले. पाठवताना खात्यावर कंपनीचं नाही, एका माणसाचं नाव दिसत होतं. विचारलं. ‘ते आमचे अकाउंट्स हेड.’ बरं.

आणि आता ते प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायला येणारा नमुना.

दोन दिवसांनी पीडीएफ आली. कव्हरवर माझी फ्रेम: मुंडावळ्या बांधलेली नवरी खाली बघतेय, खिडकीतून एका बाजूने उजेड. सुरेख बसवली होती. आतली सहा पानं माझी. मी झूम करून एकेक ओळ वाचत गेले. चौथ्या पानावर एका फोटोखाली लिहिलं होतं, ‘समुद्रकिनारी मावळतीच्या प्रकाशात घेतलेली वचनं.’ मी फोटो काढलेलं लग्न सकाळचं होतं, हॉलमधलं. समुद्राचा पत्ता नाही. श्रेयनामावलीत मेकअप आर्टिस्टच्या जागी अशी एक व्यक्ती होती जिला ना मी ओळखत होते ना नवरी. आणि अनुक्रमणिकेत माझं फीचर ४२ व्या पानावर होतं, पण ४२ व्या पानावर दुसऱ्याच कुणाचं लग्न सुरू होत होतं.

हे सगळं मला दिसलं. मी लाल गोल करून पाठवलंसुद्धा. चार मिनिटांत उत्तर आलं, ‘अरे वा, तुमची नजर किती तीक्ष्ण! इंटर्नकडून चुकलं.’ आणि मी खूश झाले. या एका गोष्टीने मला अजून झोप लागत नाही. समोर दुसऱ्याच्या लग्नाचा साचा उघडा पडलेला, माझ्याआधी त्यात कुणाला तरी भरून बाहेर काढलेलं, आणि मी त्यांची मुद्रितशोधक होऊन बसले होते. त्यांना चूक दाखवल्याचा आनंद मानत होते. कव्हरवरचा बारकोडही तेव्हाच बघायला हवा होता. नियतकालिकांच्या बारकोडची सुरुवात ९७७ ने होते, पुस्तकांची ९७८ ने. यांच्या बारकोडखाली १२३४५६७ असे ओळीने आकडे होते. शपथेवर सांगते, ओळीने.

पण मी म्हणते, कव्हरवर स्वतःचं काम पहिल्यांदा बघताना बारकोड कोण बघतं?

त्यानंतर २५ प्रती, प्रत्येकी ६५०, ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून १६,२५०. मग कुरियरचा विमा १,८५०. मग प्रेस बंद, मग कागद आला नाही, मग बाई आजारी, मग नंबर बंद. प्रती कुठल्या येतायत!

जे पैशापेक्षा जास्त गेलं ते हे. ‘छपाईसाठी’ म्हणून मी त्यांना ११२ फोटो पूर्ण आकारात, ३०० डीपीआयमध्ये, वॉटरमार्क न लावता दिले होते. काही आठवड्यांनी नवरीचा फोन आला. ‘ताई, हा माझा फोटो आहे ना?’ कुठल्याशा इमिटेशन दागिन्यांच्या जाहिरातीत तिचा चेहरा होता, गळ्यातला हार बदललेला. तिच्या सासरच्यांनी आधी बघितला होता. ती चिडली नाही, नुसती गप्प झाली. ती मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. इन्स्टावर एका ‘स्टुडिओ’चं पेजही सापडलं, माझे फोटो स्वतःचं काम म्हणून लावलेले, खाली बुकिंगचा नंबर.

फोटो उतरवायला प्लॅटफॉर्मचा कॉपीराइटचा फॉर्म भरायला बसले तर पहिलाच प्रश्न, मालक तुम्ही का? मला वाटायचं कॅमेरा माझा, क्लिक माझा, फोटो माझा. वकील मैत्रिणीने १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ दाखवलं. मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो पैसे देणारा. माझ्या करारात याबद्दल एक ओळ नव्हती. म्हणजे तो फॉर्म त्या नवरीला भरायला सांगणं आलं. माझ्यामुळे झालेल्या मनस्तापावर आणखी हे काम तिच्याच गळ्यात. आपले करार आजच उघडून बघा. हक्क कुणाचा, प्रसिद्धीची परवानगी कुणाची, हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या बुकिंगपासून लिहा. आणि प्रूफच्या टप्प्यावर मोठी फाइल कुणालाही देऊ नका. खरा ब्लॉग हजार-बाराशे पिक्सेलवर निवड करतो, मोठी फाइल छपाई नक्की झाल्यावर मागतो.

आता सरकारी कहाणी.

१९३० वर फोन लागला, तक्रार घेतली, पोचपावती क्रमांक आला. तिथला मुलगा नीट बोलला, हे मान्य. पण त्याचा पहिला प्रश्न, ‘ओटीपी कुणाला सांगितला का?’ नाही. ‘लिंकवर क्लिक केलं का?’ नाही. ‘मग पैसे कसे गेले?’ मी पाठवले. यावर तो थांबला. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत कळवलं तर बँकेला ते रोखता येतात, माझे पहिले पैसे जाऊन तोवर दोन महिने झाले होते. बँकेने ‘व्यवहार ग्राहकाने स्वतः अधिकृत केलेला आहे’ असं छापील उत्तर दिलं, त्यात माझं नावही चुकलेलं.

पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे, ‘मॅडम, मासिक निघालं ना? पीडीएफ तर दिसतेय. मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ मी म्हटलं, असलं मासिकच अस्तित्वात नाही. ‘पण पीडीएफ आहे ना?’ तिथून सायबर पोलिसांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या ठाण्यातच द्या. ठाण्यात म्हणाले सायबरचं आहे, आम्ही कसं घेणार. चॅटच्या प्रिंट आणा म्हणाले, आणल्या. रंगीत आणा म्हणाले, लाल गोल दिसत नाहीत. रंगीत आणल्या. साहेब बंदोबस्ताला गेले होते. एकदा एका हवालदारांनी सगळे फोटो शांतपणे, एकेक करून बघितले. मला वाटलं, चला, कुणीतरी लक्ष घालतंय. बघून झाल्यावर म्हणाले, ‘काम छान आहे तुमचं. माझ्या पुतणीचं लग्न आहे, आपल्या माणसाला काय रेट लावाल?’

मी रेट सांगितला. काय करणार, तक्रार घ्यायची होती.

शेवटी मैत्रिणीने लिहून दिलेला अर्ज दिला तेव्हा कुठे कागद हलला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, पूर्वीचं ४२०. हद्द कुठली हा वाद घालत बसले तर ‘झिरो एफआयआर’ म्हणा, गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी ठाण्याने तो नोंदवायचा असतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. तरी नाही म्हणाले तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. तोंडी बोलून काही होत नाही, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

जीएसटी नंबरचं सांगायचं राहिलं. इन्व्हॉइसवरचा नंबर खरा होता, म्हणून तर मी फसले. तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून नुसता ‘ॲक्टिव्ह’ शब्द बघू नका, खाली नाव बघा. तिथे बांधकाम साहित्य विकणारा कुणीतरी होता, त्या बिचाऱ्याचा नंबर यांनी उचललेला. इतकंही करायचं नसेल तर नंबरातलं सहावं अक्षर बघा. तिसऱ्यापासून बाराव्या अक्षरापर्यंत त्यात पॅन असतो, त्यामुळे सहावं अक्षर मालक कोण ते सांगतं. कंपनी असेल तर सी, एकटा माणूस असेल तर पी. माझ्या इन्व्हॉइसवर वर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहाव्या जागी पी.

छापील मासिक म्हणत असतील तर प्रेस रजिस्ट्रार जनरलच्या साइटवर शीर्षक शोधा. १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू आहे, नियतकालिकाला नोंदणी लागते. अंकात मुद्रक, प्रकाशक, संपादक, पत्ता छापलेला हवा, नसेल तर विचारा आणि मग त्यांची टाळाटाळ ऐका. साइटवर ‘२०११ पासून’ असं मिरवत असतील तर डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कधी घेतलं ते बघा, ते फुकट दिसतं. यांचं डोमेन मला मेसेज यायच्या जेमतेम पाच महिने आधीचं होतं. आणि त्यांनी ज्यांचं काम छापल्याचं दाखवलंय त्या फोटोग्राफरना स्वतः फोन करा. मी नंतर केला. पहिल्याच फोनवर पलीकडचा माणूस म्हणाला, ‘तुमचे किती गेले?’

त्याचे ५०,१५० गेलेत. त्याने तक्रारच केली नव्हती, लाज वाटली म्हणाला. आता केली आहे. एकाच खात्यावर जितक्या जास्त तक्रारी, तितकं ते खातं गोठण्याची शक्यता जास्त, म्हणून ज्यांचे पैसे असेच गेलेत त्यांनी यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक) जपून ठेवा, चॅट पुसू नका आणि रक्कम कितीही लहान असली तरी नोंदवा. माझा पोचपावती क्रमांक तुमच्या अर्जात जोडायचा असेल तर मला कळवा, लगेच देते. तीच बाई आता दुसऱ्या नावाने मेकअप आर्टिस्टना ‘ब्रायडल स्पेशल’साठी निवडतेय, कव्हर २८,००० लाच आहे.