जर्मनसाठी कोणतं अ‍ॅप? नऊ-दहा महिने वापरल्यावर

ज्यांना फक्त नावं हवीत त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. धडे आणि ऐकण्यासाठी डॉइचे वेलेचा ‘निकोस वेग’, शब्द-वाक्यं डोक्यात टिकवायला अँकी आणि परीक्षा द्यायची असेल तर ती घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावरचे नमुना पेपर. अँड्रॉइड फोन असेल तर तिन्ही फुकट. बोलायला मात्र माणूसच लागतो, त्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. बाकीचं ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचा, थोडं लांबलंय.

मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. शिफ्टची नोकरी, त्यामुळे ठरावीक वेळेचा क्लास लावणं शक्य नव्हतं. नाशिकला जर्मन तशी नवी नाही. सातपूरला मायको ही जर्मन बॉशशी जोडलेली कंपनी आली तेव्हापासून घराघरात कुणी ना कुणी जर्मन मशीनवर काम केलेलं आहे. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, चौकाला आपण अजून मायको सर्कलच म्हणतो. पण २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि तेव्हापासून कॉलेज रोड, गंगापूर रोडला जर्मन क्लासच्या पाट्या जरा जास्तच दिसायला लागल्या. नर्सिंगवाल्या मुली, आयटीआय झालेली पोरं, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: क्लास लावू की अ‍ॅपवर भागेल?

मी सुरुवात केली ती सगळेच करतात त्या प्रकाराने. खेळासारखं अ‍ॅप, रोज थोडं करा, साखळी तुटू देऊ नका, चूक झाली की जीव कमी. नाव घेत नाही, कारण या जातीची चार-पाच अ‍ॅप्स आहेत आणि चौघांत फार फरक नाही. पहिले दोनेक महिने मजा आली हे कबूल. कानाला भाषेची ओळख होते, ‘मी’, ‘पाणी’, ‘पाव’, ‘बहीण’ वगैरे आपोआप बसतं. रोज बसायची सवय लागते, हे काही थोडं नाही. पण पुढे लक्षात यायला लागलं की बहुतेक वेळा आपण समोरच्या चार ठोकळ्यांतून बरोबर ठोकळा ओळखतोय. ओळखणं आणि स्वतःच्या डोक्यातून काढणं यात फार अंतर आहे. ठोकळे काढून घेतले की वाक्य गायब.

दुसरी अडचण माझ्या मते त्याहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मी वापरलेली ही सगळी अ‍ॅप्स जर्मन शिकवत होती ती इंग्रजीतून. मराठी माणसासाठी हा नाशिकहून पुण्याला मुंबईमार्गे जायचा प्रकार आहे.

उदाहरणं देतो म्हणजे पटेल. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत. इंग्रजीतून शिकवणारं अ‍ॅप याचं केवढं अप्रूप करतं! टेबल पुल्लिंगी, खिडकी नपुंसकलिंगी, बघा किती विचित्र भाषा! आपल्याला त्यात विचित्र काय? मोठा दरवाजा, मोठी खिडकी, मोठं घर हे आपण शाळेत जायच्या आधीपासून बोलतो. कोणतं नाम कोणत्या लिंगाचं हे पाठच करावं लागतं, ते जुळत नाही. सूर्य त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे. पण लिंगाप्रमाणे आजूबाजूचे शब्द बदलायचे ही सवय आपल्या जिभेला आहेच.

आकडे घ्या. जर्मन पंचेचाळीसला आधी पाच म्हणतात, मग चाळीस. फ्युन्फ-उंट-फिर्त्सिश. इंग्रजीतून आलेला माणूस इथे उलटापालटा होतो. आपण एकोणतीस-एकोणचाळीसची मंडळी सोडली तर तेच करतो: पंचेचाळीस, सत्तेचाळीस, बावन्न. माझा पुतण्या इंग्रजी माध्यमात आहे. त्याला मराठी आकडे कळत नाहीत आणि तेवढ्याच कारणाने जर्मन आकडेही जड गेले.

तू आणि तुम्ही हा फरक इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये आहे. अ‍ॅप इंग्रजीत एकच शब्द दाखवतं आणि उत्तर तीनपैकी कोणतंही असू शकतं: ‘डू’, ‘ईअर’ किंवा ‘झी’. बिचारा शिकणारा अंदाज बांधत बसतो. मराठीत लिहिलं की प्रश्नच संपला: तू, तुम्ही सगळे, आणि साहेबांना म्हणतो ते तुम्ही.

आणि सर्वांत मोठं म्हणजे ‘आवडणं’. इंग्रजीत ज्याला आवडतं तो माणूस कर्ता असतो. मराठीत ‘मला हे शहर आवडतं’. जर्मनमध्ये ‘मिअर गेफेल्ट दीझं श्टाट’. मिअर म्हणजे मला, गेफेल्ट म्हणजे आवडतं. चतुर्थीसकट तंतोतंत आपलं वाक्य! थंडी वाजते तेही ‘मला’च. हे मला अ‍ॅपने कुठेच सांगितलं नाही. इंग्रजीतून वाक्य फिरवून फिरवून थकलो होतो, मग एका रात्री नाईट शिफ्टला चहा पिताना आपोआप डोक्यात जुळलं.

तिथून माझी निवडीची कसोटी बदलली. अ‍ॅप कितीही साधं असो, त्यात मला माझी मराठी घालता आली पाहिजे. ही अट लावली की यादी एकदम छोटी होते आणि पहिल्या नंबरावर येतं अँकी.

अँकी हे मुळात कार्डांचं अ‍ॅप. डेमियन एल्म्स या माणसाने २००६ मध्ये ते काढलं, तो तेव्हा जपानी शिकत होता. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर बघितल्यावर आपणच चारपैकी एक बटण दाबायचं: परत, अवघड, बरं, सोपं. त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते अ‍ॅप ठरवतं. उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग पंधरवड्याने, मग दोन महिन्यांनी. विसरायच्या बेताला आलं की समोर येतं. विसरण्याचा वेग मोजून बघायचं काम हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मनानेच १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं होतं, तेव्हा हिशेब मूळ गावीच परत गेला म्हणायचा.

दिसायला अँकी सरकारी फॉर्मसारखं आहे, याची तयारी ठेवा. शाबासकी नाही, खेळवाल्या अ‍ॅपमधलं घुबड नाही, टाळ्या नाहीत. अँड्रॉइडवर ‘अँकीड्रॉइड’ फुकट मिळतं, कॉम्प्युटरवरही फुकट. आयफोनवरचं अधिकृत अ‍ॅप विकत घ्यावं लागतं, पण एकदाच. स्टोअरमध्ये मिळत्याजुळत्या नावाची दुसरी अ‍ॅप्स आहेत, त्यांचा याच्याशी संबंध नाही. तेवढं बघून घ्या.

तयार गठ्ठे हजारो मिळतात, बहुतेक इंग्रजी-जर्मन. मी ते घेतले नाहीत. माझं एक कार्ड कसं असतं ते दाखवतो. पुढच्या बाजूला: ‘मी येऊ शकत नाही, कारण आज मला नाईट शिफ्ट आहे.’ हे वाचून आधी मोठ्याने जर्मन बोलायचं, मगच उलटायचं. मागे: ‘इश कान निश्ट कॉमेन, वाइल इश हॉयटं नाख्टशिश्ट हाबं.’ (इथे देवनागरीत लिहिलंय, कार्डावर अर्थातच जर्मन स्पेलिंग.) ‘वाइल’ आलं की क्रियापद शेवटी जातं, ‘हाबं’ शेवटी आहे बघा. क्रियापद शेवटी ठेवायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. खाली फोनचाच जर्मन आवाज लावून ठेवलाय, उलटलं की वाक्य ऐकू येतं. सुटा शब्द कार्डावर घालत नाही. घातलाच तर आर्टिकलसकट (नामाआधी येणारा, लिंग दाखवणारा शब्द), आणि रंगाने: पुल्लिंगी निळा, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी हिरवा. आणि वाक्यं माझ्याच आयुष्यातली. द्वारका चौकात गाडी अडकली, कुंभाच्या कामांसाठी रस्ता खोदलाय, आईच्या गुडघ्याचं दुखणं, मशीन बंद पडलं. हत्ती दूध पितो असली वाक्यं मला कधीच कुणाला सांगायची नाहीत.

रोज नवी कार्डं किती, यावर मर्यादा घाला. आठ-दहा पुरतात. उत्साहात पन्नास घातली की आठवड्याभरात उजळणीचा ढीग साचतो आणि लोक अ‍ॅप काढून टाकतात. आमच्या लाइनवरच्या दोघांचं तेच झालं.

आता ‘निकोस वेग’. डॉइचे वेले ही जर्मनीची सार्वजनिक प्रसारण संस्था, तिचा हा कोर्स ए१ (अगदी पहिली पातळी), मग ए२, मग बी१ असा आहे, जाहिराती नाहीत, पैसे नाहीत. निको नावाचा स्पॅनिश तरुण जर्मनीत येतो, त्याची बॅग हरवते, मग माणसं भेटत जातात. एकेक प्रसंग मिनिट-दोन मिनिटांचा, खाली स्वाध्याय. अभिनय मालिकांच्या मानाने बराच बरा. महत्त्वाचं म्हणजे लोक खऱ्या वेगाच्या जवळपास बोलतात, मागे आवाज असतो, एकमेकांना तोडतात. खेळवाल्या अ‍ॅपमधला तो स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून बोलणारा आवाज ऐकून ज्याचे कान तयार झालेत, त्याला इथे पहिले काही दिवस काहीच कळत नाही. मला कळलं नाही. एकेक प्रसंग आधी मजकूर न बघता दोनदा ऐकायचा, मग मजकूर, मग परत ऐकायचा, अशी सवय लावली आणि महिन्याभरात फरक पडला. यातलं व्याकरणही मी इंग्रजीतूनच वाचतो. पण इथे तिचा त्रास होत नाही, कारण मुख्य काम ऐकण्याचं आहे. आवडलेलं वाक्य उचलायचं, मराठी करून अँकीत टाकायचं.

पैसे भरून एक अ‍ॅप घेतलं होतं, वर्षाची वर्गणी. धडे नेटके होते, तक्रार त्याबद्दल नाही. उच्चार तपासण्याच्या सोयीसाठी घेतलं होतं आणि तीच कुचकामी निघाली. मुद्दाम चुकीचं बोललो तरी हिरवं, बरोबर बोललो तरी कधी लाल. गंमत म्हणजे जर्मन ‘झेड’चा उच्चार आपल्याला फुकटात येतो, तो चमच्यातला च. रेल्वेगाडीला जर्मन जे म्हणतात ते आपल्या ‘चूक’सारखंच ऐकू येतं. तिथेच ते अ‍ॅप मला लाल दाखवायचं. आपल्याकडे नाहीत ते ‘यू’ आणि ‘ओ’वर दोन ठिपके असलेले स्वर मात्र कसेही काढले तरी चालायचे. वर्गणी आपोआप पुढे सुरू होऊ नये म्हणून घेतल्या दिवशीच रद्द करून ठेवा. मुदत संपेपर्यंत अ‍ॅप साधारणपणे चालूच राहतं.

लिहिण्यासाठी एआय चॅट वापरतो आणि त्याबद्दल चांगलंच सांगेन. ए१च्या परीक्षेत एक फॉर्म भरायचा असतो आणि साधारण ३० शब्दांचा निरोप लिहायचा असतो. लिहिलेलं टाकायचं आणि सांगायचं, ‘चुका दाखव, कारण मराठीत सांग, पण दुरुस्त करून देऊ नकोस.’ शेवटचं वाक्य विसरलात तर सगळं तेच लिहून देतं आणि आपण नुसते मान डोलावतो. बोलण्यासाठी ते मला पटलं नाही. फार समजूतदार आहे. अर्धवट बोललं तरी त्याला कळतं, खऱ्या माणसाला कळत नाही.

बोलायला मला आमच्याच सोसायटीतली एक नर्सिंग करणारी मुलगी भेटली. मला ‘काका’ म्हणते आणि माझ्या चुका बेधडक काढते. रविवारी सकाळी कृषिनगर जॉगिंग ट्रॅकवर आम्ही तिघं-चौघं चालता चालता जर्मन बोलतो, लोक बघतात, बघू देत. परीक्षेतला तोंडी भाग तसाही गटात होतो: स्वतःची ओळख, नावाचं स्पेलिंग, फोन नंबर, मग कार्ड उचलून एकमेकांना प्रश्न विचारायचे, विनंती करायची. हे कुठल्याही अ‍ॅपवर होत नाही. नावाचं स्पेलिंग आत्ताच पाठ करून ठेवा. ‘व्ही’ला फाउ आणि ‘जे’ला योट म्हणतात, आणि आपली निम्मी आडनावं तिथे अडकतात.

परीक्षेचं एक सांगतो. ए१च्या ऐकण्याच्या पेपरात तीन भाग असतात. पहिला आणि तिसरा दोनदा ऐकवतात, मधला एकदाच. मधल्यात स्टेशनवरच्या, दुकानातल्या घोषणा असतात. अ‍ॅपमध्ये परत ऐकायचं बटण दाबायची जी सवय लागते ती इथे मारते. गोएथेचे नमुना पेपर घेऊन, बटण न दाबता सराव करा. पास व्हायला १००पैकी ६० लागतात. परीक्षा मी पुण्याला माक्स म्युलर भवनात (गोएथे इन्स्टिट्यूटचं भारतातलं नाव) दिली, आदल्या दिवशी जाऊन राहिलो, सकाळच्या बसच्या भरवशावर राहू नका.

ए१ झालं, ए२चा अभ्यास अर्ध्यावर आलाय. खेळवालं अ‍ॅप फोनवर अजून आहे, डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना उघडतो. पुढे बी१ आहे. तिथे वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं हे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात ६० लागतात. मी आधी वाचणं आणि ऐकणं देणार आहे. कुणी नाशिकरोड किंवा सिडकोकडचं बी१ची तयारी करत असेल आणि रविवारी सकाळी लवकर उठणारं असेल तर ट्रॅकवर या. आम्हाला वरच्या पातळीचं बोलणारं माणूस हवंच आहे.