रेनेसाँस वॅक्स: आजोबांच्या वेब्लीसाठी घेतलं, पैसे वसूल

आजोबांचं वेब्ली मार्क फोर रिव्हॉल्वर आता माझ्या नावावर आहे, लायसन्स वगैरे रीतसर करून घेतलंय, चालवायचं नाहीये, फक्त जपायचंय. आम्ही माहीमला राहतो, समुद्र इतका जवळ की पावसाळ्यात ड्रॉवरमधल्या टाचण्यापण गंजतात. नुसतं तेल लावलं की धूळ बसते, हात लागला की ते पुसलं जातं, परत लावा.

हे वॅक्स १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या लॅबमध्ये तयार झालंय, म्युझियमवाले धातू, लाकूड, चामडं सगळ्यावर वापरतात. नखभर घ्यायचं, मऊ सुती कापडाने पातळ पसरायचं आणि लगेच घासून पुसायचं. चिकट लागत नाही, बोटांचे ठसे उठत नाहीत आणि मुख्य म्हणजे मूळ रंग तसाच राहतो. मला हेच हवं होतं, कारण युद्धाच्या घाईत फार पॉलिश न करता काढलेला हा पीस आहे, त्यावर 'वॉर फिनिश' असा शिक्काच मारलाय आणि मशीनच्या रेघा अजून दिसतात. एका दुकानात म्हणाले बफ मारून एकदम नवं करून देतो. प्लीज कोणीही हे करू नका!! शिक्के, नंबर, ब्लूइंग (पोलादावरचा मूळ निळसर-काळा थर) सगळं घासलं जातं आणि परत येत नाही. ब्रासो आणि पॉलिश पेपरपण लांबच ठेवा.

वॅक्सने गंज निघत नाही हे मात्र लक्षात घ्या. आधी रिव्हॉल्वर उघडून रिकामं आहे ना ते बघायचं, मग गंजावर तेल मुरू द्यायचं, कापडाने हलकेच काढायचं, तेल पूर्ण पुसायचं आणि मगच वॅक्स. बिजागरी, घोडा, स्प्रिंग इथे वॅक्स नको, तिथे गन ऑइलचा एखादा थेंब पुरे. आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं धातूला खातात. होल्स्टर वेगळं ठेवा, तिजोरीत सिलिका जेल टाका.

वॅक्समध्ये व्हाइट स्पिरिट (रंग पातळ करायला वापरतात ते, पेट घेणारं) असतं, त्याचा वास येतो, खिडक्या उघडून लावा, गॅसजवळ नको. किंमत जास्त वाटते पण ६५ मिलीची छोटी डबी घ्या, एवढ्याशा वस्तूला ती संपता संपत नाही.